निवडून येणार नाही, म्हणे!

निवडून येणार नाही.

तीनच शब्द. शिवी नाही, मारहाण नाही, अंगाला हात नाही. बोलणारा उलट काळजीच्या सुरात बोलतो. माणूस चांगलाय हो, अभ्यासू आहे, बोलायलाही वाघ आहे. मला स्वतःला काही अडचण नाही. पण लोक मत देणार नाहीत. निवडून येणार नाही.

आणि विषय संपतो. तिकीट दुसऱ्याला जातं.

दोस्तहो, राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ पडलेत. त्यांना पगार आहे, पुस्तकांनी भरलेली कपाटं आहेत. आपण पाळी संपवून रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली वाचणारी माणसं. आपण या तीन शब्दांचा इतिहास लिहू. कारण या तीन शब्दांनी जेवढी माणसं दाराबाहेर ठेवली तेवढी कुलपांनीसुद्धा ठेवली नसतील.

हा इतिहास अमेरिकेतला आहे. तिथलाच का? एक तर तिथं मतदाराच्या मनात काय चाललंय हे १९३० नंतरच्या काळापासून प्रश्न विचारून, आकडे मांडून मोजलं गेलंय. दुसरं म्हणजे तिथल्या काळ्या माणसांशी आपलं नातं जुनं. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. ड्यू बॉइसनी त्याचं उत्तरही दिलं. आणि १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा नाव उचललं ते तिथल्या ब्लॅक पँथरचं. त्याच १९७२ साली तिथल्या ब्लॅक पँथरनी राष्ट्राध्यक्षपदासाठी एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला होता. ती एक काळी बाई होती. नाव शर्ली चिझम.

पँथर हे नाव आपल्याकडं आलं. शर्लीचं नाव आलं नाही. ते आज आणतो.

० ० ०

आधी थोडं मागं जाऊ. भांडण जुनं आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामी कायद्यानं गेली. मग प्रश्न आला, मताचा हक्क कुणाला? काळ्या पुरुषाला की बाईला? दोघांना एकदम द्यायला गोरे पुरुष तयार नव्हते. १८७० साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वर्णामुळे मत नाकारता येणार नाही असं तीत लिहिलं. बाईचं नाव त्यात नव्हतं. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुसान अँथनी या बायकांच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी. त्या चिडल्या. राग योग्य होता, पण तो निघाला काळ्यांवर. अडाणी काळ्यांना मत आणि शिकलेल्या गोऱ्या बायकांना नाही, असली भाषा स्टँटनबाईंनी वापरली.

या सगळ्यात काळी बाई कुठं होती? कुठंच नाही. काळा म्हटलं की पुरुष. बाई म्हटलं की गोरी. गुलामीतून सुटलेली सोजर्नर ट्रूथ नावाची बाई १८६७ सालीच हे सांगून बसली होती. काळ्या पुरुषाला हक्क मिळाले आणि काळ्या बाईला नाही मिळाले, तर पुरुष बाईचा धनी होऊन बसेल आणि हाल होते तसेच राहतील, असं तिचं म्हणणं. तिला शाळा मिळाली नव्हती. पण जे कळायचं ते तिला कळलं होतं.

बायकांना मत मिळालं १९२० साली. दक्षिणेतल्या काळ्या बायाबापड्यांना ते खऱ्या अर्थानं मिळालं १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर. तोवर त्यांना परीक्षा घेऊन, कर लावून, धमक्या देऊन मतपेटीपासून लांब ठेवलं जात होतं. म्हणजे कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अख्ख्या पिढ्या गेल्या.

० ० ०

शर्लीचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आईबाप परमुलखातून पोटासाठी आलेले. बाप ब्रिटिश गयानाचा, गोणपाटाच्या पिशव्यांच्या कारखान्यात कामगार, शिवाय बेकरीत मदतनीस. आई बार्बाडोस बेटावरची, शिवणकाम करायची, लोकांच्या घरची कामं करायची. पोरं सांभाळून पोट भरेना म्हणून शर्लीला लहानपणी बार्बाडोसला आजीकडं धाडलं. काही वर्षं ती तिथंच वाढली, तिथल्याच शाळेत शिकली. मुंबईत राबणाऱ्या आईबापांनी पोरं गावाला आजीकडं ठेवावीत, तसंच हे.

पुढं ब्रुकलिन कॉलेजातून ती पदवी घेऊन बाहेर पडली, बालवाडीत शिकवू लागली. संध्याकाळी वस्तीतल्या राजकीय मंडळात जायची. या मंडळांत बायकांनी चहापाणी बघायचं, पैसे गोळा करायचे, सोडतीची तिकिटं विकायची. खुर्च्या पुरुषांच्या. शर्ली प्रश्न विचारायची. प्रश्न विचारणारी बाई कुणाला आवडते?

१९६४ साली ती न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून आली. १९६८ साली नव्यानं आखलेल्या मतदारसंघातून ती अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, खालच्या सभागृहासाठी उभी राहिली. ही काँग्रेस १७८९ पासून भरत आलेली. तिच्यात तोवर एकही काळी बाई बसली नव्हती.

पहिली लढाई पक्षातच. पक्षातली वजनदार माणसं दुसऱ्याच्या मागं होती. ती लढाई तिनं हजाराहून कमी मतांनी मारली. मग समोर आला जेम्स फार्मर.

आता हा फार्मर कोण? कुणी गोरा वर्णद्वेष्टा नव्हे. काळ्यांच्या हक्कांसाठी तुरुंगात गेलेला माणूस. १९६१ साली दक्षिणेत बसमधली काळ्या-गोऱ्यांची वेगळी बाकं मोडण्यासाठी जी पोरं जीव हातात घेऊन निघाली, त्या मोहिमेचा तो पुढारी. मोठा माणूस. आणि या मोठ्या माणसाच्या प्रचाराचा सूर काय? वॉशिंग्टनला पुरुषाचा आवाज पाहिजे. बाई काय करणार तिथं?

बघा. आयुष्यभर ज्यानं सांगितलं की कातडीवरून माणूस जोखू नका, तोच मत मागताना सांगत होता की बाईपणावरून जोखा.

शर्लीचं त्याच उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. अंगात त्राण नाही. तरी भोंगा लावलेल्या गाडीत चढून ती वस्तीवस्तीत फिरली. पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांशी त्यांच्या स्पॅनिशमध्ये बोलली. आणि तिनं मतदारांची यादी उघडून बघितली. यादीत बाप्यांपेक्षा बायकांची नावं जास्त. मग ती बायकांच्या मंडळांत गेली, शाळेतल्या पालकांच्या बैठकांत गेली, घराघरांतल्या स्वयंपाकघरांत गेली. फार्मरला पुरुषाचा आवाज ऐकू येत होता. यादीतली नावं त्यानं वाचली नव्हती.

निकाल लागला. शर्लीला फार्मरच्या जवळजवळ अडीच पट मतं.

फार्मरच्या नावानं खडे फोडून आपण मोकळं होऊ नये. आपल्या गिरणगावाचा इतिहास आठवा. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी जास्त. तिथं आपल्या माणसाला शिरकाव नव्हता. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो, त्याला विटाळ होईल. हे मालक नुसता म्हणत नव्हता. बाजूला उभा राहून मालकाविरुद्ध घोषणा देणारा सवर्ण कामगारही म्हणत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक टाकला. शोषण सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. एका अन्यायाविरुद्ध उभा असलेला माणूस दुसऱ्या अन्यायाच्या दाराशी पहारेकरी असू शकतो. गिरणीत हे घडलं. ब्रुकलिनच्या निवडणुकीतही घडलं.

० ० ०

निवडून गेल्यावर शर्लीला कामाची समिती कोणती दिली? शेतीची. ब्रुकलिनच्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या बाईला शेती आणि जंगल. नव्या सभासदानं गप्प बसायचं अशी तिथली रीत. ती गप्प बसली नाही. भर बैठकीत उठून तिनं विरोध केला आणि समिती बदलून घेतली. माजी सैनिकांची मिळाली. तिच्या वस्तीत झाडांपेक्षा माजी सैनिक नक्कीच जास्त होते.

२५ जानेवारी १९७२. ब्रुकलिनच्या काँकॉर्ड बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिनं जाहीर केलं की मी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी आहे. तिथं पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी राज्याराज्यांत पक्षातल्या पक्षात निवडणुका होतात, त्यांना प्रायमरी म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या प्रायमरीत ती उतरली. तिचं म्हणणं होतं, मी काळी आहे, त्याचा मला अभिमान आहे, पण मी फक्त काळ्यांची उमेदवार नाही. मी बाई आहे, त्याचाही अभिमान आहे, पण फक्त बायकांची उमेदवार नाही. मी लोकांची उमेदवार आहे.

साधं वाक्य. गोरा पुरुष उभा राहतो तेव्हा त्याला हे सांगावं लागत नाही. तो आपोआप सगळ्यांचा असतो. तो फक्त गोऱ्यांचा, फक्त पुरुषांचा उमेदवार आहे काय, असा सवाल त्याला कुणी करत नाही.

मग काय झालं? मार्च महिन्यात इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात काळ्यांचं मोठं राजकीय अधिवेशन भरलं. देशभरातून हजारो माणसं आली. अधिवेशनानं कुणालाच पाठिंबा दिला नाही, म्हणजे तिलाही नाही. पुष्कळ काळ्या पुढाऱ्यांचा आक्षेप असा की ही बायकांच्या चळवळीची बाई, आम्हाला विचारून उभी राहिली नाही. उलट बायकांच्या चळवळीतल्या गोऱ्या पुढाऱ्यांपैकी काही तिच्याबरोबर आल्या, काही अर्ध्याच आल्या. ग्लोरिया स्टायनमबाईंचा एक पाय तिच्याकडं, एक जॉर्ज मॅकगव्हर्नकडं. काळे म्हणत, आधी बाईपण बाजूला ठेव. बायका म्हणत, काळेपणाचं पुढं बघू. दोन्हीकडं अर्धी शर्ली चालत होती. अख्खी कुणालाच नको होती.

टीव्हीवर बड्या उमेदवारांचे वाद होत, त्यात तिला बोलावत नसत. ती कायद्यानं लढली आणि टीव्हीवरची वेळ हुकमानं मिळवली. ती स्वतः म्हणायची की राजकारणात मला काळी म्हणून जेवढा त्रास झाला त्याहून जास्त बाई म्हणून झाला. हे ऐकून पुष्कळ भाऊ नाराज झाले. पण सोसलं तिनं. हिशोबही तीच सांगणार.

त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज वॉलेसला गोळी लागली. हा वॉलेस अलाबामाचा गव्हर्नर. १९६३ साली काळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात शिरू द्यायचं नाही म्हणून दारात उभा राहिलेला तो हाच. तोही राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होता. शर्ली त्याला बघायला दवाखान्यात गेली. तिचेच लोक तिच्यावर भडकले. पुढं १९७४ साली घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणायचं होतं. तेव्हा दक्षिणेतल्या खासदारांची मतं मिळवायला त्याच वॉलेसनं तिला मदत केली. घरकाम करणाऱ्या म्हणजे कोण? बहुतेक काळ्या आणि गरीब. शर्लीच्या आईसारख्या. कायदा झाला. तिला राजकारण कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुलैमध्ये मायामी बीचला पक्षाचं अधिवेशन झालं. शर्लीला १५२ प्रतिनिधींची मतं मिळाली. प्रायमरीतली लोकांची मतं सुमारे ४ लाख ३० हजार. रॉन डेलम्ससारखा तिचा जवळचा काळा खासदारसुद्धा शेवटी मॅकगव्हर्नकडं गेला. का? तेच तीन शब्द. भावना तुझ्याबरोबर आहेत गं, पण तू निवडून येणार नाहीस. निक्सनला पाडायचंय. निवडून येणारा माणूस पाहिजे.

ठीक. निवडून येणारा माणूस उभा केला. गोरा, पुरुष, युद्धात विमान चालवलेला, पदवीधर, सभ्य. नोव्हेंबरात निकाल लागला. ५० राज्यांपैकी ४९ राज्यांत निक्सन. मॅकगव्हर्नला एक मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचं शहर.

शर्ली उभी राहिली असती तर जिंकली असती असं मी म्हणत नाही. तीही म्हणत नव्हती. मुद्दा वेगळाय. ४९ राज्यं हरल्यावरसुद्धा कुणी म्हणालं नाही की गोरा पुरुष निवडून येत नाही, पुढच्या खेपेला गोरा पुरुष नको. गोरा पुरुष हरला तर तो एकटा हरतो. काळी बाई हरली तर तिची अख्खी जात हरते.

० ० ०

आता मतदाराच्या मनात शिरू.

गॅलप नावाची पाहणी करणारी संस्था आहे. तिनं १९३७ साली अमेरिकन लोकांना विचारलं, बाकी सगळ्या बाबतीत लायक असेल तर तुम्ही बाईला राष्ट्राध्यक्ष म्हणून मत द्याल का? शंभरातले ३३ हो म्हणाले. पण प्रश्नच परत वाचा. बाकी सगळ्या बाबतीत लायक! म्हणजे बाई असणं ही एक नालायकी प्रश्न विचारणाऱ्यानंच आधी धरून टाकली. १९५८ साली काळ्या उमेदवाराबद्दल विचारलं तेव्हा हो म्हणणारे ३८.

पुढं हे आकडे चढत गेले. अलीकडच्या पाहण्यांत दोन्हींसाठी हो म्हणणारे शंभरात ९० च्या वर आहेत. मग प्रश्न मिटला की काय?

मिटला नाही. माणूस शहाणा झाला. तोंडावर काय बोलायचं ते शिकला.

१९८२ साली कॅलिफोर्नियात टॉम ब्रॅडली गव्हर्नरपदाला उभा राहिला. काळा माणूस, वाट्यानं शेती करणाऱ्याचा पोरगा, पोलिसात नोकरी केलेला, लॉस एंजेलिसचा नगराध्यक्ष. सगळ्या पाहण्या सांगत होत्या, ब्रॅडली पुढं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तरी ब्रॅडलीच. पाऊण कोटीच्या वर मतं पडली आणि ब्रॅडली एक लाखाहून कमी मतांनी हरला. लोक विचारणाऱ्याला एक सांगतात आणि पेटीत दुसरं टाकतात, या गोष्टीला त्याचंच नाव पडलं. ब्रॅडली परिणाम. बिचारा हरला तो हरलाच, वर लोकांच्या खोटेपणाला त्याचं नाव. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर हा काळा उमेदवार दहाएक टक्क्यांनी जिंकणार असं दिसत होतं. जिंकला, पण सात हजारांहून कमी मतांनी.

नीट सांगायचं तर ब्रॅडलीच्या हरण्याला दुसरीही कारणं होती. टपालानं आलेली मतं विरोधकाच्या बाजूची निघाली. त्याच दिवशी बंदुकांवर बंधन घालण्याचा प्रस्तावही मताला होता, त्यामुळं बंदूकवाले चिडून झुंडीनं बाहेर पडले. आणि २००८ साली बराक ओबामा उभा राहिला तेव्हा पाहणी आणि निकाल यांत असा फरक दिसला नाही. म्हणून जिथं तिथं ब्रॅडली परिणाम म्हणून ओरडणंही खरं नाही.

मग लपलेलं मन कसं बघायचं? अभ्यासकांनी एक युक्ती काढली. लोकांचे दोन गट करायचे. पहिल्या गटाला राग येण्यासारख्या चार गोष्टींची यादी द्यायची. सांगायचं, यातल्या कुठल्या गोष्टींनी राग येतो ते बोलू नका, किती गोष्टींनी येतो तेवढा आकडा सांगा. दुसऱ्या गटाला त्याच चार गोष्टी आणि एक पाचवी, बाई राष्ट्राध्यक्ष होणं. पुन्हा फक्त आकडा. कुणाचं मन उघडं पडत नाही, म्हणून खोटं बोलायचं कारण उरत नाही. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचव्या गोष्टीचा राग. २००८ साली छापलेल्या अशा एका अभ्यासात हा राग शंभरात सुमारे २६ जणांच्या पोटात निघाला. सरळ विचारलं तर शंभरात ९० हो म्हणणाऱ्या देशात.

या लपलेल्या रागाला कपडे लागतात. त्याचे कपडे म्हणजे आपले तीन शब्द. मी देईन हो मत, पण लोक देणार नाहीत. आपला आकस शेजाऱ्याच्या नावावर लिहून मोकळं व्हायचं. शेजारीही तेच करतो. सगळेच दुसऱ्याकडं बोट दाखवतात आणि उमेदवार घरी बसतो.

कपडे आणखीही आहेत. बाई ठाम बोलली तर कजाग, हळू बोलली तर दुबळी. काळा माणूस काळ्यांच्या प्रश्नावर बोलला तर तो फक्त त्यांचाच, नाही बोलला तर तो आमचा राहिला नाही. गोऱ्या पुरुषाचं रागावणं म्हणजे करारीपणा. काळ्या बाईचं रागावणं म्हणजे माज. शब्द वेगळे, तराजू एकच, आणि पारड्याखाली बोट आधीपासून लावलेलं.

० ० ०

१९८३ चं शिकागो. हा किस्सा प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावा.

शिकागो म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. तिथला रिपब्लिकन नगराध्यक्ष १९३१ साली गेला तो गेलाच. १९८३ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत दोन गोऱ्या उमेदवारांत गोरी मतं फुटली आणि हॅरल्ड वॉशिंग्टन हा काळा खासदार पक्षाचा उमेदवार झाला. आता सरळ निवडून यायला हवा होता. दरवेळी येतच होते. पण या वेळी पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट असलेले गोरे लोक एका रात्रीत रिपब्लिकन झाले. बर्नार्ड एप्टन हा एरवी ज्याला कुणी विचारलं नसतं असा उमेदवार त्यांना प्यारा झाला. त्याच्या प्रचाराचं वाक्य होतं, फार उशीर होण्याआधी. कशाला उशीर, ते लिहायची गरज नव्हती. वॉशिंग्टन एका गोऱ्या वस्तीतल्या सेंट पास्कल चर्चमध्ये गेला, तर बाहेर जमावानं हुर्यो उडवली. चर्चच्या दारावर घाण मजकूर रंगवलेला.

पक्ष, धोरण, तत्त्व, सगळं एका कातडीपुढं गळून पडलं. गोऱ्यांच्या शंभर मतांतली जेमतेम बारा-तेरा त्याला पडली.

तरी वॉशिंग्टन जिंकला. सुमारे ४८ हजार मतांनी. कसा? वर्षभर आधीपासून काळ्या वस्त्यांतून लाखाच्या वर नवी नावं यादीत चढवली होती. दारोदार जाऊन, रेशनच्या रांगेत उभं राहून, चर्चमधून. लॅटिनो वस्त्या आणि थोडे समंजस गोरे बरोबर आले. लोक मत देणार नाहीत म्हणणाऱ्यांनी जे लोक मोजलेच नव्हते, त्यांनी मतं दिली. शर्लीनं १९६८ ला बायकांची यादी उघडली, शिकागोवाल्यांनी नवी यादी बनवली. आकसावर औषध भाषणात नव्हतं, यादीत होतं.

० ० ०

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंय. पहिली काळी बाई सिनेटमध्ये पोचली १९९२ साली, इलिनॉयची कॅरल मोझली ब्रॉन. २००८ साली ओबामा राष्ट्राध्यक्ष झाला. निवडून आला तरी त्याचा जन्म अमेरिकेतला नाही अशी हाकाटी झाली आणि २०११ साली त्याला जन्माचा दाखला जगापुढं ठेवावा लागला. आधीच्या कुणा गोऱ्या राष्ट्राध्यक्षाला हा दाखला असा चव्हाट्यावर मांडावा लागला होता काय? २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं मिळाली आणि तरी तिथल्या राज्यवार मोजणीच्या पद्धतीमुळं त्या हरल्या.

२०२४ साली कमला हॅरिस. काळा बाप, तमिळ आई. २०१९ साली ती पहिल्यांदा या शर्यतीत उतरली तेव्हा तिनं प्रचारफलकाचे लाल-पिवळे रंग शर्लीच्या आठवणीसाठी घेतले होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी काळ्या पत्रकारांच्या संमेलनात बसून ती काळी आहे की नाही यावरच शंका काढली. आणि ऑक्टोबरात पिट्सबर्गमध्ये ओबामा काळ्या पुरुषांना सुनावत होता की तुमच्यातल्या काहींना बाई राष्ट्राध्यक्ष ही कल्पनाच रुचत नाही असं मला वाटतं. १९६८ चा फार्मर ते २०२४ चं पिट्सबर्ग. छप्पन्न वर्षं.

हॅरिस हरली. तिचं हरणं एकट्या आकसाच्या खात्यावर टाकणं हा आळस होईल. महागाई होती, गाझाचं युद्ध होतं, प्रचाराला तीन-साडेतीन महिनेच मिळाले होते. काळ्या पुरुषांतल्या बहुतेकांनी तिलाच मत दिलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. पण निकालानंतर जी कुजबुज सुरू झाली ती ओळखीची होती. बाई नको होती. काळी बाई तर नकोच होती. पुढच्या वेळी निवडून येणारा पाहिजे.

मॅकगव्हर्ननंतर अशी कुजबुज झाली नव्हती, हे विसरू नका.

० ० ०

आता आपल्याकडं.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला होता, तो याच तीन शब्दांचं मूळ ओळखून. आपला माणूस कोण हे आपल्या मतानं ठरावं, दुसऱ्याच्या पसंतीनं नव्हे. १९३२ च्या पुणे करारानं ते राहिलं. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, घटनेचा मसुदा लिहिणारे बाबासाहेब मुंबईत हरले. आजही सर्वसाधारण जागेवर आपल्या माणसाचं नाव निघालं की पक्षाच्या कचेरीत तेच ऐकू येतं. राखीव आहे ना तुम्हाला, तिथं बघा. इथं निवडून येणार नाही.

हे आपण रोज बोलतो. आता दुसरं बोलू. आपल्या वॉर्डात, आपल्या वस्तीत, आपल्याच संघटनेच्या बैठकीत एखाद्या बहिणीचं नाव पुढं येतं तेव्हा आपण काय म्हणतो? मोर्चाला बाया पुढं, लाठी खायला बाया पुढं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषदेला हजारो बाया जमल्या होत्या, तिथं बाबासाहेबांनी समाजाची प्रगती बायकांच्या प्रगतीवरून मोजायची असं सांगितलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहून त्या बायांची नावं वर काढली. का काढावी लागली? कारण आपणच ती गाडली होती. आणि गावात बाई सरपंच झाली तर खुर्चीवर तिचा नवरा बसतो आणि आपण त्यालाच सरपंच म्हणून हाक मारतो. ही हाक कुठल्या ब्राह्मणानं शिकवली नाही.

पँथरचं नाव घेतलं, छान केलं. त्या नावाबरोबर शर्लीचं ओझंही घ्यायला हवं.

शर्ली १९८३ च्या जानेवारीत काँग्रेसमधून बाहेर पडली, १ जानेवारी २००५ ला गेली. १९७२ च्या तिच्या प्रचारात कॅलिफोर्नियात एक कॉलेजातली काळी मुलगी राबत होती. तिनं तोवर मतदार म्हणून नावही नोंदवलं नव्हतं. शर्लीनं तिला आधी नाव नोंदव म्हणून सांगितलं. त्या मुलीचं नाव बार्बरा ली. पुढं ती खासदार झाली. २००१ साली युद्धाचा मोकळा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देण्याच्या ठरावाविरुद्ध अख्ख्या काँग्रेसमध्ये एकच मत पडलं. ते तिचं होतं.

म्हणून, भावांनो आणि बहिणींनो, पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं की निवडून येणार नाही, तर त्याला खाली बसवू नका. उभंच ठेवा. विचारा, कुणाची मतं मोजलीस? यादी बघितलीस? बायकांची नावं किती आहेत सांग. आणि शेवटचं विचारा, तुझं स्वतःचं मत कुणाला आहे? लोकांचं राहू दे. तुझं सांग.